उरलेल्या पैशांची चौकशी

पैसे खाल्ले म्हणून चौकशी लागलेली माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पैसे उरले म्हणून चौकशी लागलेलं माणूस मात्र एकच पाहिलं. नाव कालीबाई, राहणार झिरीपाडा, तालुका अक्कलकुवा. त्या चौकशीत अर्धा घाम माझा गेला, कारण त्या पाड्याचा ग्रामसेवक मी, राजेंद्र.

आमच्या पदाचं नाव सरकारनं हल्ली बदललंय, पण डोंगरात अजून ग्रामसेवकच म्हणतात आणि हाक मारतात ती भाऊसाहेब म्हणून. मी मूळचा कोरीटचा, सपाटीवरचा. माझा स्वभाव तापट आहे. हे मी सांगायची गरज नाही, माझी बायको सरला सगळ्या गल्लीला सांगत असते. झिरीपाड्याला बदली झाली तेव्हा मी वरच्या साहेबाशी भांडलो होतो, म्हणूनच ती झाली. खापरपासून सात किलोमीटर गाडीनं आणि पुढे चार किलोमीटर पायी. पहिल्याच दिवशी चढण चढून धापा टाकत पोचलो, तर एक बाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. वर बघून म्हणाली, "तू नवा भाऊसाहेब का? बस. पाणी पी. मागचा तर अर्ध्यातूनच परत गेला होता."

मला 'तू' म्हटलं म्हणून मी तिथेच फणफणलो. नंतर कळलं, त्यांच्या बोलीत 'तुम्ही' हा प्रकारच नाही. कलेक्टर आला तरी तू आणि बकरी आली तरी तू. एकदा हे कळलं की फार बरं वाटतं, कारण मग भांडायलाही सोपं जातं.

तर ही कालीबाई. वय पन्नाशीच्या पुढे, नक्की तिलाही माहीत नाही. अंगकाठी बारीक, आवाज मात्र समोरच्या टेकडीवर ऐकू जाईल असा. नवरा उदेसिंग, पाड्याचा कारभारी, स्वभावानं इतका शांत की त्याच्या वाटचंही तीच बोलते. वीस वर्षं दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे. मग मुलगा कर्ता झाला, तो जायला लागला, आणि ही घरी राहिली. शाळेत एक दिवसही गेलेली नाही. पण पाड्यातल्या बेचाळीस घरांत कोणाकडे किती माणसं, किती बकऱ्या, कोणाच्या छपराची कोणती बाजू गळते, सगळं तोंडपाठ. ग्रामसभेच्या निधीची समिती निवडायची होती तेव्हा सगळ्यांनी एकसुरात तिचं नाव घेतलं. मी म्हटलं, अहो, हिला वाचता येत नाही. तर उदेसिंग, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "विसरता पण येत नाही." झालं, कालीबाई समितीवर. बँकेतून पैसे काढायचे तर तिचा अंगठा आणि माझी सही, दोन्ही लागणार.

तिची एकच इच्छा होती आणि ती तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली होती. पाड्यात पिठाची चक्की पाहिजे. झिरीपाड्याच्या बायका एक तर पहाटे उठून जात्यावर दळतात, नाही तर डोक्यावर दहा किलो धान्य घेऊन खापरला जातात. जायला अडीच तास, यायला तीन, आणि चक्कीवर नंबर लागेपर्यंत बसायचं ते वेगळं. कालीबाईचा उजवा खांदा जात्यानं गेलेला, हात कानाच्या वर जात नाही. पण तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. तिची सून रिना बारावी पास. पाड्यातली पहिली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागलेली, पुढे शिकायचं म्हणत होती. रोज पहाटे तीही जात्यावर बसायची. कालीबाई मला म्हणाली, "माझा खांदा गेला तो गेला. तिचा हात मी दगडाला देणार नाही. पुढच्या पावसाच्या आत चक्की पाहिजे."

आता सरकारी पैशाचं सांगतो. पेसाच्या, म्हणजे आदिवासी ग्रामसभांच्या कायद्याखालच्या, गावांना एक निधी मिळतो आणि त्याचं काय करायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं असतं. झिरीपाड्याच्या वाट्याला दोन वर्षांचे मिळून तीन लाख नव्वद हजार आले. सभेत बायका म्हणाल्या चक्की, पुरुष म्हणाले आधी पाणी. डोंगराच्या वरच्या अंगाला बारमाही झिरा आहे. तिथून दोन किलोमीटर पाइप टाकला तर पाणी उतारानं आपोआप पाड्यात येतं, मोटार नको की वीज नको. अंदाजपत्रक झालं. पाइप आणि टाकी दोन लाख पंधरा हजार, चर खणायची मजुरी एक लाख पंचाहत्तर हजार. बेरीज तीन लाख नव्वद. चक्कीला शून्य.

कालीबाईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "मजुरीचे पैसे लागलेच नाहीत, तर ते आपले ना?"

मी घाईत होतो. म्हणालो, "हो हो, तुमचेच." हीच माझी चूक. घाईत दिलेलं उत्तर सरकारी माणसानं कधी देऊ नये.

झिरीपाड्यात लाह म्हणून एक रीत आहे. कोणाचं घर बांधायचं असेल, शेत निंदायचं असेल, तर तो माणूस दारोदार जाऊन सांगतो, उद्या माझ्याकडे लाह. घरामागे एक माणूस येतो, स्वतःचं हत्यार घेऊन. दिवसभर काम करतात, ज्याचं काम तो जेवण घालतो, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. पैसा नाही, नोंद नाही. कोण किती खणला हे कोणी मोजत नाही, मोजलं तर वाईट दिसतं. उद्या तुमच्याकडे काम निघालं की तुम्ही दारोदार जायचं.

तर दसरा झाला, पाइप येऊन पडले. मी ठरवलं होतं, दिवाळीनंतर सावकाश मजुरांचं हजेरीपत्रक उघडू, म्हणजे मस्टर, आणि मग काम सुरू करू. इकडे कालीबाईनं हिशोब केला की दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला जाईल, मग खणणार कोण? ती दारोदार गेली. "उद्यापासून लाह. पाण्याची लाह आहे, सगळ्यांचीच आहे, म्हणून जेवण पाळीपाळीनं."

मला पाचव्या दिवशी कळलं. मस्टर नाही, मंजुरीचा कागद नाही, आणि काम सुरू! मी तणतणत डोंगर चढलो. चाळीसेक माणसं चर खणत होती, हसणं-खिदळणं चाललं होतं. मी ओरडलो, "थांबवा! आधी थांबवा सगळं!" कोणी थांबेना. जवळ जाऊन बघतो तर चर जेमतेम एक हात खोल. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, हा काय चर आहे? उन्हाळ्यात पाइप तापून फुटेल! दोन हात पाहिजे!" आणि दाखवायला म्हणून एकाच्या हातातला टिकाव घेतला. एकदा घेतला तो घेतला. शेतकऱ्याचा पोरगा मी, राग आणि टिकाव एकत्र आले की अंगात येतं. अर्धा तास खणलो. खाली ठेवला तेव्हा तळहाताला दोन फोड आले होते आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते. तेवढ्यात मक्याची भाकर आणि उडदाची डाळ आली. भूक कडाडून लागली होती. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी कालीबाईनं बळंच वाढली. थांबवायला गेलो होतो आणि चर खणून, जेवून आलो. घरी सरलानं हात बघितले आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "हातले काय व्हयनं? तुमी साहेब शेतस का मजूर?"

चौदा दिवसांत दोन किलोमीटर चर, पाइप, टाकी, सगळं तयार. दिवाळीच्या दोन दिवस आधी पाड्यात नळाला पाणी आलं. म्हाताऱ्या बायका नळाखाली हात धरून उभ्या होत्या आणि पाणी वाया चाललंय म्हणून एकमेकींवर ओरडत होत्या, पण नळ कोणी बंद करेना. उदेसिंगनं ओंजळभर पाणी पिऊन नुसतं "गोड" म्हटलं. मला फार आनंद झाला. तो आनंद जानेवारीपर्यंत टिकला.

जानेवारीत तालुक्याच्या कार्यालयातून पत्र आलं. काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे, मजुरीचा खर्च मात्र निरंक. एक लाख पंचाहत्तर हजार खात्यात पडून. काम कोणी केलं? मशीन लावलं का? बोगस आहे का? खुलासा करा, आणि मार्चअखेर न खर्चलेली रक्कम परत करा.

मी पत्र घेऊन कालीबाईकडे गेलो. ती म्हणाली, "तू म्हणाला होतास ना, आपले?"

"बाई, घरात डाळीचे पैसे वाचले तर मिठाला वापरतो, तसं सरकारात नसतं. मजुरीचे म्हणजे मजुरीचे. नाही लागले तर परत."

"म्हणजे फुकट खणलं म्हणून शिक्षा?"

मी मग मला सुचलेला शहाणपणा सांगितला. आणि खरं सांगतो, त्या वेळी तो मला शहाणपणाच वाटला होता. म्हटलं, मागच्या तारखांचं मस्टर भरू. बेचाळीस नावं, बेचाळीस अंगठे. मजुरी प्रत्येकाच्या खात्यात जाईल. मग सगळ्यांनी ती काढून एकत्र करायची आणि चक्की घ्यायची. कोणाचं नुकसान नाही, कोणी एक रुपया खात नाही, कागद खूश, तुम्ही खूश.

कालीबाईनं सूप खाली ठेवलं. "लाहची मजुरी घ्यायची?"

"नुसती कागदावर."

"कागदावर का होईना, घेतली. पैसा खात्यात आला. मग उद्या आपल्या पाड्यातल्या भिलाच्या घरावर कौलं चढवायची असली आणि त्यानं लाह बोलावली, तर लोक विचारतील, मस्टर कुठंय? चक्की येईल रे. लाह जाईल. आमच्याकडे दुसरं आहे काय?"

मी चिडलो. म्हटलं, मग बसा जात्यावर! आणि तरातरा निघून आलो. अर्धी उतरण उतरलो तेव्हा माझी मलाच लाज वाटली. बावीस वर्षं मी कागद सांभाळले होते, पण कागदामुळे एखादी गोष्ट मरू शकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वळलो आणि पुन्हा चढलो. ती दारातच होती. "आलास? बस. पाणी पी. आता नळाचं आहे."

आम्ही ठरवलं, खोटं काही लिहायचं नाही, आणि पैसाही परत करायचा नाही. कसं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा दरपत्रकं गोळा केली. खापरला हुकमीचंद शेठचं दुकान, राजस्थानातून आलेल्या घराण्याची तिसरी पिढी. शेतीची यंत्रं, पाइप, साबण, बिस्किटं, सगळं एका छपराखाली, आणि बाजूला त्याचीच चक्की, जिच्यासमोर झिरीपाड्याच्या बायका तासन्तास बसतात. कालीबाईनं उन्हावर चालणाऱ्या चक्कीचा भाव विचारला तेव्हा शेठ पोट धरून हसला. "कालीबेन, माझं गिऱ्हाईक तोडायला मलाच मशीन मागतेस?"

"दुसऱ्याकडून घेतलं तर गिऱ्हाईक पण जाईल आणि मशीन पण," कालीबाई म्हणाली. शेठ हसायचा थांबला आणि एक लाख एक्क्याऐंशी हजार म्हणाला.

निघताना तिनं एक साबणाची वडी घेतली. शेठचा नातू मयंक कॉम्प्युटरवर बसला होता, त्यानं बिल काढून दिलं. तिनं ते माझ्यासमोर धरलं. "हे खाली वेगळं काय लिहिलंय?" मी म्हटलं, जीएसटी. सरकारचा कर.

"साबणावर मी कर देते?"

"देतेस की. प्रत्येक वडीला."

"आणि हा मयंक?"

"तोही तेवढाच."

तिनं मयंककडे नीट बघितलं. त्याच्या पायात पांढरेशुभ्र बूट, हातात मोठ्ठा मोबाइल. "याला आणि मला सारखाच टक्का? मी महिन्याला एक वडी घेते, ती पण मोजून." मयंक बिचारा लाजला. शेठ म्हणाला, "कालीबेन, तू इलेक्शनला उभी राहा. पण माझ्याविरुद्ध नको." आणि खुशीत येऊन मशीन एक लाख पंचाहत्तर हजाराला केलं, बसवून देण्यासकट. तळोद्याचं आणि अक्कलकुव्याचं दरपत्रक त्याहून जास्तीचं निघालं.

मग तालुक्याचं कार्यालय. तिथे लेखा शाखेत रतिलाल नावाचे क्लार्क. सचोटीचा माणूस, पण कागदाच्या बाहेर जग आहे हे त्यांना मान्य नाही. आम्ही समोर बसलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तीच का ती, पैसे उरवणारी बाई?"

"तूच का तो, परत मागणारा?" कालीबाईनं विचारलं.

मी खाली बघितलं. रतिलालांना आयुष्यात कोणी अरे-तुरे केलं नसावं. पण ते चिडले नाहीत, कदाचित नवीनच अनुभव म्हणून. त्यांनी शांतपणे समजावलं, की बाई, हा सरकारचा पैसा, वापरला नाही तर सरकारला परत.

"सरकारनं कुठून आणला?"

"कर जमा होतो. लोकांकडून."

कालीबाईनं कनवटीची गाठ सोडली आणि साबणाचं बिल टेबलावर ठेवलं. "यात माझा पण आहे. हा बघ. मी सरकारला साबणाचे दिले, त्यातून सरकारनं मला पाइप दिला, ठीक. खणलं आम्ही. तू म्हणतोस, खणायचे वाचवले ते परत दे. म्हणजे मी दोनदा देऊ? एकदा साबणाचे, एकदा हाताचे?"

कार्यालयात पाच-सहा माणसं होती, सगळ्यांचं टंकलेखन थांबलं. रतिलालांनी बिल उचललं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "तोंडी नाही चालत हो. तुम्ही खणलं, हे कागदावर कुठे दाखवू? तसा रकानाच..." आणि बोलता बोलता थांबले. फाइल उघडली, पूर्णत्वाच्या दाखल्याचा नमुना काढला आणि त्यावर बोट ठेवलं. खाली एक रकाना होता: लोकसहभाग, श्रमरूपाने.

"सव्वीस वर्षं झाली," ते म्हणाले. "या रकान्यात सगळे रेघ मारून आणतात, नाही तर ठोकून आकडा टाकतात. खरा भरलेला मी अजून पाहिला नाही."

हे म्हणताना त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला वाटलं हे आता आम्हाला चहा पाजणार. आणि खरंच पाजला. त्यांनी सांगितलं, श्रमदान करणाऱ्या घरांची यादी आणा, शिल्लक रकमेतून चक्की घ्यायचा ग्रामसभेचा ठराव आणा, सभेचा फोटो आणा. वीस मार्चच्या आत. एकवीसला आणलंत तर मी ओळख देणार नाही.

बोंबला! ठराव आणायचा म्हणजे सभा भरवायची, सभेला ठरावीक संख्या लागते, आणि निम्मा पाडा गुजरातेत ऊस तोडतोय. मी कपाळाला हात लावला. कालीबाई मला म्हणाली, "होळी कधी आहे?"

"तेरा मार्च."

"मग झालं की."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सातपुड्याचा माणूस दिवाळीला येईल न येईल, होळीला आलाच पाहिजे. मुकादम अडवू देत, गाडी मिळो न मिळो. तिनं मुलाला फोन लावला, मुलानं बाकीच्यांना. चौदा तारखेला, होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, टाकीजवळच्या मोहाखाली सभा.

असली ग्रामसभा मी जन्मात पाहिली नव्हती. अर्धे पुरुष होळीच्या व्रताचे. अंगभर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं. व्रत पुरं होईपर्यंत ते अंघोळ करत नाहीत, खाटेवर बसत नाहीत. मी सतरंजी आणली होती, त्यावरही कोणी बसेना. एकेक जण सहीला आला की घुंगरं छन्न वाजायची आणि माझ्या रजिस्टरवर राख पडायची. अंगठे घेतले ते शाईचे कमी आणि राखेचे जास्त. "हात पुसा रे, हात पुसा!" मी ओरडतोय आणि ते तेच हात माझ्याच खांद्यावर ठेवतायत. ठराव वाचून दाखवला. "कोणाची हरकत?" ढोल वाजला. "अरे, ढोल म्हणजे हो का नाही?" सगळे एकदम, "होऽ!" बायकांचा आवाज तर खापरला गेला असेल. फोटो काढला, त्यात माझ्या डोक्यावर कोणीतरी मागून मोरपिसं धरली होती, ते मला नंतर दिसलं.

श्रमदानाची यादी रिनानं लिहिली. सासू सांगत होती, सून लिहीत होती. कालीबाईनं बजावलं होतं, नावं लिही, दिवस नको. लाहमध्ये कोण किती दिवस आलं ते लिहायचं नसतं. यादी माझ्यासमोर आली, मी शिक्का मारला, सही केली. सही करताना वाचत नाही, ही माझी जुनी खोड.

सतरा तारखेला कागद दिले. रतिलालांनी फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता म्हणणार की वेश शासकीय नाही. ते म्हणाले, "मधला मोरपिसवाला कोण, तुम्हीच ना?" आणि ठराव मंजुरीला लावला. अठ्ठावीस मार्चला पैसे हुकमीचंद शेठच्या खात्यात गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चक्की डोंगर चढली, सुटे भाग करून, खांद्यांवरून. अर्थात लाहनंच.

पहिलं दळण कालीबाईनं रिनाच्या हातून टाकायला लावलं. पट्टा फिरला, पीठ पडायला लागलं, गरम. कालीबाईनं ते मुठीत घेतलं, नाकाशी नेलं, आणि ही डोंगर गाजवणारी बाई हमसून हमसून रडायला लागली. रिना हसत होती आणि सासूचे डोळे पुसताना तिच्या गालाला पीठ लावत होती. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू. रिनानं जूनमध्ये बाहेरून कॉलेजचा फॉर्म भरला. पहाटेचे दोन तास आता ती पुस्तक घेऊन बसते, आणि कालीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प बसायला सांगते, म्हणजे सगळा पाडा जागा होतो.

इथे खरं तर संपलं असतं. पण पुढच्या वर्षी लेखापरीक्षण आलं. परीक्षकानं सगळी फाइल तपासली, एक पैसा इकडचा तिकडे नाही. तरी एक आक्षेप काढलाच: "पाड्यात एकूण घरे ४२. श्रमदान यादीत घरे ४३. तफावतीचा खुलासा करावा."

एवढं सगळं खरं केलं आणि शेवटी एक नाव बोगस? यादी काढली. एकेक नाव बघत खाली आलो. बेचाळिसावं भिला. त्याच्याखाली, रिनाच्या वळणदार अक्षरात, त्रेचाळिसावं: राजेंद्र भाऊसाहेब.

तसाच उठलो आणि डोंगर चढलो. कालीबाई चक्कीपाशी होती. यादी समोर धरून म्हटलं, "हे काय? मी कुठला झिरीपाड्याचा?"

"तू खणलं नाहीस?"

"अर्धा तास! ते पण रागानं!"

"रागानं खणलं तरी खड्डा होतोच ना? आणि वर जेवलास. लाहचं जेवला तो लाहचा. घरामागे एक माणूस, म्हणजे तुझं एक घर." आणि मग जरा थांबून, "तुला नको असेल तर खोड."

मी खोडलं नाही. कार्यालयात बसून खुलासा लिहिला. तो अजून फाइलला आहे, कोणालाही बघता येईल: "घर क्रमांक ४३ हे निम्नस्वाक्षरीकाराचे आहे. त्याने सदर कामावर अर्धा तास चर खणला व तीन भाकरी खाल्ल्या. यादी बरोबर आहे." रतिलालांनी खाली लिहिलं, आक्षेप निकाली.

मागच्या महिन्यात भिलाच्या घरावर कौलं चढवायची होती. कालीबाईचा फोन आला, "उद्या लाह. घरामागे एक." मी पहाटे निघालो तर सरला पदर खोचून गाडीवर मागे बसलेली. म्हणाली, तो पाडा एकदा मला पण बघायचा आहे, जिथं आपलं घर आहे. दिवसभर बायकांच्या रांगेत उभी राहून ती कौलं वर देत होती. मधेच तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ओशाळून कालीबाईला म्हणाली, "एकच मानूस बलायेल व्हतं ना? आमी तर दोन उनूत."

कालीबाईनं तिच्या हातात पुढचं कौल ठेवलं. "इथं मोजत नाहीत बाई," ती म्हणाली. "मोजायची नोकरी तुझ्या नवऱ्याला. तू कौल दे."